दहावा माणूस

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला गेलो होतो. तिथल्या सिनेगॉगबद्दल, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबद्दल, एक गृहस्थ माझ्याशी अस्सल कोकणी वळणाच्या मराठीत बोलत होते. हे बेने इस्रायल, म्हणजे आपलेच मराठी ज्यू. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मुंबईतले त्यांचे ‘शार हारहामीम’ सिनेगॉग १७९६ चे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय त्यांची सामुदायिक प्रार्थना पूर्ण होत नाही. नऊ जण आले तरी दहाव्याची वाट पाहावी लागते. वर्गणी मनीऑर्डरने येईल, दहावा माणूस कसा येणार? दानाला ते ‘त्सदाका’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी न्याय आहे, उपकार नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

सीमाभागात मूठभर माणसांनी वाचनालय, भजनी मंडळ टिकवणे म्हणजे काय, हे बेळगाव-निपाणीकरांना वेगळे सांगायला नको. आमच्या गल्लीतल्या मंडळातही पावती फाडणारे पुष्कळ, सतरंजी उचलायला थांबणारे चारच. म्हणून विनंती : कोकणात जाल तेव्हा आधी विचारून, डोके झाकून ही सिनेगॉग पाहा, देखभालीसाठी जमेल ते द्या. आणि शहरात गेलेल्या ज्यू बांधवांनो, सणाला तरी गावच्या सिनेगॉगमध्ये या.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव