थायरॉइड नॉर्मल असताना गोळी कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात थायरॉइडवर अधूनमधून काही ना काही छापून येतं, पण ते सगळं आजार असलेल्यांसाठी असतं. ज्यांचा रिपोर्ट नॉर्मल आहे आणि तरी वजन वाढतंय त्यांच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी लॅबमध्ये काम करते, रिपोर्ट हातात पडला की लोक काउंटरवरच पाकीट उघडतात आणि टीएसएचच्या (थायरॉइडला काम करायला सांगणारं मेंदूकडचं हार्मोन, थायरॉइड मंदावलं की हे वाढतं) आकड्यावर बोट ठेवून विचारतात, "३.८ म्हणजे जास्तच ना? ४ ला टेकलंय की." शेजारी रेंज छापलेली असते, साधारण ०.४ ते ४, म्हणजे आकडा आतच आहे, पण डोक्यात 'बॉर्डरलाइन' बसलेलं असतं आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून थायरॉक्सिनची (म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची) गोळी सुरू, का तर वजन उतरेल.

थायरॉइडचा वजनाशी संबंध असतो यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. नेदरलँड्समध्ये एका शहरातल्या दीड हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला होता, सगळ्यांचं थायरॉइड नॉर्मल, पण ज्यांचं फ्री टी४ (थायरॉइड बनवतं त्या टी४ हार्मोनचा रक्तातला मोकळा भाग) नॉर्मलमध्येच खालच्या बाजूला होतं त्यांच्यात पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं) हे जास्त दिसलं. रक्तातल्या चरबीशी थायरॉइडचा संबंध समजण्यासारखाही आहे, लिव्हरने रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किती उचलायचं यात टी३ चा (टी४ पासून शरीरात बनणारं, जास्त प्रभावी हार्मोन) हात असतो.

पण संबंध दिसला म्हणजे थायरॉइडमुळेच वजन वाढलं असं होत नाही, आणि लोक इथेच फसतात. चरबी वाढली की त्यातून लेप्टिन नावाचं हार्मोन जास्त सुटतं, ते मेंदूला सांगतं आणि मेंदूकडून टीएसएच थोडं वर ढकललं जातं, म्हणजे बऱ्याच जाड माणसांत टीएसएच किंचित जास्त असतं ते वजनामुळे, आणि वजन उतरलं की बहुतेकदा तेही आपोआप खाली येतं, गोळी न घेता. जाड माणसांत टी३ सुद्धा बऱ्याचदा थोडं जास्तच सापडतं, मग थायरॉइड 'स्लो' आहे म्हणून वजन वाढलं हे कसं म्हणायचं? आणि कडक उपाशी डाएट केलं तर शरीर टी४ चं टी३ करणं कमी करतं, ऊर्जेचा खर्च वाचवायला, तो बिघाड नव्हे.

शिवाय टीएसएच दिवसभर एकसारखं नसतं, रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. केसांसाठी बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) घेत असाल तर काही मशीनवर आकडे चुकीचे येतात, टेस्टच्या आधी सांगत जा प्लीज.

गोळीचं म्हणाल तर अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापलेला असतो की लठ्ठपणासाठी किंवा वजन कमी करायला हे वापरू नका. थायरॉइड नॉर्मल असेल तर नेहमीच्या डोसने वजन उतरत नाही आणि मोठा डोस जिवावर बेतू शकतो. जास्तीच्या हार्मोनने हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात, आणि जे वजन उतरतं त्यात स्नायूही जातात. हे वाचूनही 'छोटासाच डोस आहे' म्हणणारे भेटतात तेव्हा खरंच काळजी वाटते.

मला सगळ्यात वाईट याचं वाटतं की त्याच रिपोर्टच्या पुढच्या पानावर ट्रायग्लिसराइड, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज) असतं, तिथे आकडे सरळ सरळ रेंजच्या बाहेर असतात आणि त्यावर कोणी बोट ठेवत नाही. कंबरेला टेप लावून घेर मोजलेला तर क्वचितच कोणी असतो. मेटाबॉलिक तब्येत (शरीर साखर आणि चरबी कशी हाताळतंय) कशी आहे हे तिथे कळतं.

ज्यांना खरोखर हायपोथायरॉइड (थायरॉइडचं हार्मोन कमी पडणं) आहे त्यांनी हे वाचून गोळी अजिबात बंद करू नये, गरोदर बायकांच्या मर्यादाही वेगळ्या असतात. नॉर्मल रिपोर्टवर ज्यांची सुरू झालीय त्यांनीही स्वतःच्या मनाने न थांबवता डॉक्टरांना विचारावं की ही नेमकी कशासाठी चालू आहे.

तुम्ही एखाद्या एंडोक्रायनोलॉजिस्टकडून (हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टरांकडून) यावर सविस्तर लेख लिहून घेतलात तर फार बरं होईल, छापील लेख पुढे करता आला की काउंटरवर समजावणं सोपं जातं.

आपली,
एक वाचक, लॅब टेक्निशियन