काका, ग्राउंड कुठे असतं ते तुम्ही दाखवलंत

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. तुमचा वक्तशीरपणा, मनमिळाऊ स्वभाव, लॅबची टापटीप या सगळ्यांबद्दल लोक भरभरून बोलले. तुम्ही आम्हाला काय शिकवलंत, हे मात्र कुणीच बोललं नाही. लॅब असिस्टंट म्हणजे सामान देणारा, ते मोजून परत घेणारा आणि रजिस्टरवर सही करणारा माणूस, असाच आपल्याकडे समज आहे. तंत्रनिकेतनात मी जे सर्किट शिकले, त्यातला कायम टिकलेला भाग मला तुमच्याकडून मिळाला. आता मीच प्रॅक्टिकल घेते, तेव्हा पदोपदी ते जाणवतं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

एसी सर्किटचं नोडल ॲनालिसिस आमच्यासाठी फळ्यावरचं प्रकरण होतं. प्रत्येक नोडला, म्हणजे वायरी जिथे एकत्र येतात त्या बिंदूला, किर्चहॉफचा करंटचा नियम (जेवढा आत येतो तेवढाच बाहेर जातो) लावायचा, ॲडमिटन्सची (करंट किती सहज जातो त्या मापाची) मॅट्रिक्स मांडायची, क्रॅमरच्या नियमाने डिटर्मिनंट सोडवायचे आणि उत्तर पोलर फॉर्ममध्ये, म्हणजे आकडा आणि कोन असं, लिहून खाली दोन रेघा मारायच्या. दहावीनंतर थेट डिप्लोमाला आलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांना डीसीपर्यंत हे पेलतं. 'जे', म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, आला की पुढे सगळी कॅल्क्युलेटरची कसरत होते. त्या उत्तरातल्या कोनाचा, म्हणजे एक लाट दुसरीच्या किती मागे-पुढे आहे याचा, बेंचवरच्या वायरींशी काही संबंध आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं.

तुमच्या लॅबमध्ये सर्किट अगदी साधं असायचं. फंक्शन जनरेटरमधून १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह, पुढे १ किलोओहमचा रेझिस्टर, तिथे नोड ए. ए पासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ए पासून बी पर्यंत आणखी एक १ किलोओहम, आणि बी पासून ग्राउंडला १०० मिलिहेन्रीची कॉइल. मुलं लगेच समीकरणं मांडायला बसायची आणि तुम्ही पेन्सिल खाली ठेवायला लावायचात. "आधी ग्राउंड कुठला ते बोट लावून दाखवा."

कागदावर रेफरन्स नोड, म्हणजे शून्य व्होल्टेज धरलेला ग्राउंड, कुठलाही घेतला तरी चालतो, असं पुस्तक सांगतं, आणि गणितात ते खरंच आहे. पण सीआरओच्या, म्हणजे व्होल्टेजची लाट स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राच्या, दोन्ही प्रोबच्या काळ्या क्लिपा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात आणि थ्री-पिन प्लगमधून अर्थिंगला गेलेल्या असतात. ए आणि बी मधला व्होल्टेज बघायचा म्हणून कुणी काळी क्लिप ए ला लावली, तर ए च ग्राउंड होतो. हे तुम्ही नुसतं सांगितलं नाहीत, क्लिप मुद्दाम तिथे लावून दाखवलीत. स्क्रीनवरची लाट गेली आणि आडवी रेघ उरली. कपॅसिटर शॉर्ट झालेला, आणि बी कडे जाणारा सगळा सिग्नल ए वरच जमिनीला मिळालेला. मग म्हणालात, "डोंगराची उंची समुद्रसपाटीपासूनच मोजतात ना? इथली समुद्रसपाटी या क्लिपने ठरवून टाकली आहे."

मला त्या वेळी जे उमगलं, ते कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. करंट मोजायचा तर सर्किट तोडून मीटर मध्ये घालावा लागतो. व्होल्टेज मात्र काहीही न तोडता, नुसता प्रोब टेकवून मिळतो, तोही ग्राउंडच्या संदर्भात. नोडल ॲनालिसिसमध्ये अज्ञात राशी कुठल्या असतात? ग्राउंडपासून मोजलेले नोडचे व्होल्टेज. सीआरओ जे दाखवतो, तेच समीकरण विचारतं. बेंचवर मेशपेक्षा, म्हणजे करंट अज्ञात धरायच्या पद्धतीपेक्षा, नोडल हाताला का बसतं, हे मला तिथे उभं राहून कळलं.

जनरेटरच्या आतला ५० ओहमही तुम्ही असाच मार्गी लावलात. सर्किट जोडल्याशिवाय व्होल्टेज सेट करू द्यायचा नाहीत. सर्किट जोडा, सीआरओचा चॅनल एक जनरेटरच्या टोकाला लावा आणि मग पीक ५ व्होल्टवर आणा. असं केलं की तो ५० ओहम समीकरणात घ्यावाच लागत नाही, कारण आपण त्याच्या पुढून मोजतो आहोत. ॲडमिटन्स मिलिसिमेन्समध्ये लिहायचे हीसुद्धा तुमचीच सवय. त्याने दोन्ही समीकरणं एवढीशी होतात: नोड ए साठी (२ + जे ०.६२८) व्हीए − व्हीबी = ५, आणि नोड बी साठी व्हीए = (१ − जे १.५९) व्हीबी. सोडवलं की ए वर २.९० व्होल्ट, सोर्सच्या ६ अंश मागे; बी वर १.५४ व्होल्ट, सोर्सच्या ५२ अंश पुढे.

आणि मग स्क्रीनवर ५२ येत नाही.

त्या प्रॅक्टिकलचा सगळा जीव इथे आहे, म्हणून जरा सावकाश लिहिते. टाइमबेस, म्हणजे स्क्रीनवरच्या एका आडव्या चौकोनाचा वेळ, १०० मायक्रोसेकंदवर ठेवला की १ किलोहर्ट्झची एक पूर्ण लाट दहा चौकोनांत बसते, म्हणजे एक चौकोन ३६ अंशांचा. चौकोनात पाच बारीक भाग, एक भाग ७.२ अंशांचा. टाइमबेसची बारीक फिरणारी नॉब 'कॅल' वर आहे ना, हे तुम्ही प्रत्येक टेबलावर जाऊन बघायचात, कारण ती जराशी हलली तरी हा हिशेब कोसळतो. कोन शिखरावरून मोजू द्यायचा नाहीत. शिखर चपटं असतं, त्याची नेमकी जागा सापडत नाही. लाट मधली रेघ तिरपी कापून जाते, तिथे मोजायचं. असं मोजल्यावर बी चा कोन ५२ ऐवजी ४५ च्या आसपास यायचा. फरक जेमतेम एका बारीक भागाचा. व्होल्टेज १.५४ ऐवजी १.४८, म्हणजे लाटेच्या जाडीतच लपून जाणारा फरक. मल्टिमीटर लावला असता तर काहीच खटकलं नसतं. त्याला कोन कळत नाही, आणि साध्या मल्टिमीटरचा एसी भाग बहुधा ४०० हर्ट्झच्या आतच भरवशाचा असतो.

जर्नलमध्ये अशा वेळी काय होतं, हे प्रत्येक डिप्लोमावाल्याला ठाऊक आहे. थिअरेटिकल ५२ लिहिलेलं असतं, त्याच्याशेजारी प्रॅक्टिकल ५१ आपोआप उमटतं. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. "रीडिंगला हात लावायचा नाही. तुमच्या समीकरणात काय राहिलंय ते शोधा." आणि उत्तर न सांगता कॉइल सोडवून हातात दिलीत.

कॉइल म्हणजे शेवटी तांब्याची लांबलचक तार. मल्टिमीटरने तिचा रेझिस्टन्स ६२ ओहम आला. मी तोच समीकरणात घालायला निघाले, तर तुम्ही एलसीआर मीटर (कॉइल-कपॅसिटर ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या एसीवर मोजणारा) पुढे सरकवलात आणि १ किलोहर्ट्झवर मोजायला सांगितलंत. आकडा ८० झाला. एसीमध्ये तारेच्या रेझिस्टन्सला कोअरमधलं नुकसानही येऊन मिळतं, आणि आपलं सर्किट एसीवर चाललं होतं. कॉइलच्या जे ६२८ ओहमच्या जागी ८० + जे ६२८ लिहून तीच दोन समीकरणं पुन्हा सोडवली. बी वर १.४८ व्होल्ट, ४५ अंश. ए वर २.९३, उणे ७.६ अंश. काका, हातात कागद, समोर स्क्रीन आणि दोन्हीकडे तोच आकडा, असं माझ्या शिक्षणात त्याआधी कधी झालं नव्हतं. तो आनंद अजून ताजा आहे.

त्यानंतर तुम्ही घातलेलं कोडं मी आता दरवर्षी घालते. ए वर २.९३ व्होल्ट, बी वर १.४८, मग मधल्या रेझिस्टरवर किती? सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, १.४५. दोन चॅनलची वजाबाकी स्क्रीनवर लावली की दिसतात २.३४. त्याहून मोठा धक्का करंटचा. सोर्सकडून ए मध्ये येतो २.१३ मिलिअँपिअर. ए मधून कपॅसिटरमध्ये जातो १.८४, बी कडे जातो २.३४. आत येणाऱ्यापेक्षा एकट्या फांदीतून जाणारा करंट जास्त! मुलांना वाटतं, किर्चहॉफ खोटा पडला. मग तुमच्यासारखाच ग्राफपेपर काढायचा, तिन्ही करंटचे फेजर, म्हणजे लांबी आणि कोन असलेले बाण, पट्टी आणि कोनमापकाने काढायचे, एकाच्या टोकाला दुसरा लावायचा. कपॅसिटरचा बाण जवळजवळ सरळ वर, बी कडचा खाली उतरता. दोघांची बेरीज बरोबर २.१३ च्या टोकावर जाऊन टेकते. कोन पुसून नुसते आकडे मिळवले की नियम मोडल्यासारखा दिसतो.

किर्चहॉफने हे नियम १८४५ साली, विद्यार्थी असतानाच मांडले. एसीची गणितं मात्र त्यानंतर कित्येक वर्षं डिफरन्शियल इक्वेशनमध्येच अडकून होती. स्टाइनमेट्झने १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेपुढे काँप्लेक्स नंबर वापरायची रीत मांडली आणि डीसीची सगळी हत्यारं एसीला चालू लागली. आज मुलं सिम्युलेटरमध्ये सर्किट टाकतात आणि उत्तर क्षणात येतं; आतमध्ये तो नोडल समीकरणंच सोडवत असतो. सिम्युलेटरला माझा विरोध नाही, मी स्वतः तो रोज वापरते. पण कॉइलला ८० ओहम आहेत हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा माणूस बेंचवरच तयार होतो, आणि आमच्या बॅचमध्ये तो तुम्ही तयार केलात.

तुमच्या कामाच्या वर्णनात यातलं काहीही नव्हतं. बॅच सुटायची वेळ होऊन गेली तरी किल्ल्या हातात घेऊन तुम्ही थांबायचात, कारण एखाद्या टेबलावर कोन जुळलेला नसायचा. त्याचा वेगळा भत्ता नव्हता. व्हायवाला एक्स्टर्नलसमोर आम्ही धडाधड उत्तरं द्यायचो, तेव्हा कौतुक विषयाच्या शिक्षकांचं व्हायचं आणि तुम्ही मागे प्रोब गुंडाळत असायचात. त्या कौतुकातला तुमचा वाटा तेव्हाच द्यायला हवा होता. तो आज देते आहे. मनापासून आभार, काका.

आता थोडं कामाचं. माझ्या जर्नलच्या तक्त्यात मी 'कॉइलचा रेझिस्टन्स, १ किलोहर्ट्झला मोजलेला' हा रकाना घातला आहे आणि तो भरल्याशिवाय सही करत नाही. यंदाच्या बॅचला मी तेच सर्किट ५ किलोहर्ट्झवर चालवायला दिलं, तर गणित आणि स्क्रीन पुन्हा वेगवेगळं बोलायला लागले. आमच्या एलसीआर मीटरवर १००, १२०, १ हजार आणि १० हजार हर्ट्झ एवढीच सेटिंग आहेत, ५ हजारचं नाही. कॉइलचा त्या फ्रिक्वेन्सीचा रेझिस्टन्स आहे त्याच सामानातून कसा काढायचा, यावर मुलांनी दोन पद्धती सुचवल्या आहेत आणि त्यांचा आपसात वाद चालू आहे. बुधवारी दुपारी ही बॅच असते. तब्येत बरी असेल तर या. चहा मी सांगून ठेवते.

तुमची विद्यार्थिनी