अनामिक मदतनीसांचे आभार

मागच्या आठवड्यात पावसात वीज गेली आणि गुहागरच्या आमच्या वाचनालयातील संगणकावर, उबुंटू २२.०४ या कार्यप्रणालीवर, मराठी टंकलेखनाची पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार संच) बसत असतानाच काम अर्ध्यावर तुटले. (इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची राहिली होती, हा दोष आमचाच.) त्यानंतर काहीही बसवू गेले की ‘डीपीकेजी’ हे पॅकेजे बसवणारे साधन मध्येच थांबल्याचा एकच संदेश येई.

ओळखीच्या ओळखीने फोनवर आलेल्या, नावही न सांगणाऱ्या ताईंनी आधी आम्हाला लॉक फाइल (एका वेळी एकाच प्रक्रियेला पॅकेजे बसवू देणारी फाइल) पुसण्यापासून रोखले. पार्श्वभूमीला आपोआप अद्ययावत होणारी प्रक्रिया चालू असेल तर ही फाइल पुसल्याने पॅकेजांची नोंदवहीच बिघडू शकते, हे त्यांनी न कंटाळता समजावले. ती प्रक्रिया संपेपर्यंत वाट पाहून अर्धवट पॅकेजे ‘डीपीकेजी’च्या ‘कॉन्फिगर’ आज्ञेने पूर्ण केली, आणि उरलेली अवलंबित्वे (एका पॅकेजाला लागणारी दुसरी पॅकेजे) ‘एपीटी’ या पॅकेजे आणून बसवणाऱ्या साधनाच्या ‘फिक्स ब्रोकन’ पर्यायाने जुळली. पडद्यावरची प्रत्येक ओळ आम्ही अक्षर अक्षर वाचून दाखवत होतो, आणि ताई रात्री अकरापर्यंत ऐकत होत्या.

त्यांचे, आणि भर पावसात स्वतःची बॅटरी आणून जोडून देणाऱ्या त्या रिक्षावाल्या दादांचे, मनःपूर्वक आभार. दादा, बॅटरी वाचनालयातच आहे, न्यायला या. आमसुलांची पुडीही बाजूला काढून ठेवली आहे.