नीटचा सराव: गोळे आणि घड्याळ

महोदय,

लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत नीटचे, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे, सराव पेपर ढिगाने सुटतात, तपासणी मात्र एकूण गुणांवरच थांबते. 2025 पासून 180 प्रश्नांना 180 मिनिटेच आहेत. जीवशास्त्राचे 90 प्रश्न पन्नास मिनिटांत उरकले, तर भौतिकशास्त्राच्या 45 प्रश्नांना तासभर मिळतो. उत्तरपत्रिकेतले गोळे शेवटी एकदम रंगवू नयेत. एक ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरे सरकतात. पानागणिक रंगवावेत. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक गुण वजा, म्हणजे बरोबर उत्तराच्या तुलनेत पाचांचा फटका. दोन पर्याय खात्रीने बाद झाले तरच धोका पत्करावा. सराव परीक्षेच्याच वेळेत, दुपारी दोन ते पाचच घ्यावा, अधूनमधून पंख्याविनाही; मे महिन्यात आपल्याकडे विजेचा भरवसा कोणी द्यावा?

– एक शिक्षक, लातूर