विहिरी उपसायला हात हवेत, पंपाला पैसे

पेठेतील सर्व बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने कोल्हापूर शहराला वेढा घातला होता आणि नळ मात्र कोरडे होते. शिंगणापूर, बालिंगे, नागदेववाडी इथली उपसा केंद्रेच पाण्यात गेली होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. प्यायच्या पाण्याचे कसेबसे भागले. टँकर आले, जार आले, पाहुण्यांनी कॅन भरून आणून दिले. खरे हाल झाले ते संडासाच्या पाण्याचे. पूर उतरल्यावर गल्लीत बसलेला गाळ धुवायचा कशाने, हा प्रश्न तर आणखी मोठा. आपल्या पेठेतल्या जुन्या विहिरींना तेव्हाही पाणी होतेच. पण कुणावर फरशी टाकलेली, कुणात निर्माल्य साचलेले, कुणात पाडलेल्या वाड्याची माती.

या विहिरी उघडायच्या, उपसायच्या आणि त्यांचे पाणी फक्त वापरासाठी, म्हणजे फ्लशला आणि रस्ते धुवायला घ्यायचे, असे पेठेतल्या तालमी, तरुण मंडळे आणि महिला बचत गटांनी मिळून ठरवले आहे. त्यासाठी हे आवाहन.

“आता काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन आली, मग हा उद्योग कशाला?” असे बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. ते पाणी धरणातून पंपाने उचलून ५० किलोमीटरहून जास्त अंतर आणतात, पुईखडीला शुद्ध करतात आणि मग आपल्या टाकीत येते. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्यातले ४५ लिटर राष्ट्रीय इमारत संहितेने फ्लशसाठी धरले आहेत. म्हणजे इतक्या लांबून आणलेल्या शुद्ध पाण्याचा तिसरा हिस्सा आपण संडासात ओततो. पाच माणसांच्या घराला रोज २२५ लिटर, साठ घरांच्या गल्लीला साडेतेरा हजार. दहा हजार लिटरचा टँकरही त्याला पुरत नाही! शिवाय वीज गेली किंवा कुठे गळती लागली, की सगळेच पाणी एकदम बंद. हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून समुद्राचे पाणी वेगळ्या नळाने संडासाला देतात. आपल्याकडे समुद्र नाही, विहिरी आहेत. त्यातल्या किती राहिल्या हा भाग वेगळा. कपिलतीर्थाच्या तळ्याची मंडई झाली आणि वरुणतीर्थाच्या तळ्याचे गांधी मैदान, हे सगळ्यांना ठाऊक आहेच.

घरोघरी दुसरी पाईप टाकू, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या घरांत ते परवडणारे नाही आणि तसे आश्वासन देणे ही फसवणूक होईल. पहिल्या टप्प्यात विहिरीलगतची सार्वजनिक शौचालये, चाळी आणि ज्यांच्या गच्चीवर दुसरी टाकी बसते अशा इमारती घेऊ. प्रत्येक विहिरीपाशी टँकर भरायला एक जोड राहील. मंडई, विसर्जनाचा मार्ग आणि पुरानंतरच्या गल्ल्या त्यातूनच धुवायच्या. पुरात वीजही जाते, म्हणून मोटारीशेजारी रहाट बसवणार आहोत. म्हातारी माणसे खूश होतील, पण तो हौसेचा नाही, कामाचा आहे.

एका गोष्टीत तडजोड नाही. विहिरीची लाईन नळाच्या लाईनला कुठेही जोडायची नाही, एखादा कॉक लावूनसुद्धा नाही. उलटा दाब आला की विहिरीचे पाणी प्यायच्या पाण्यात उतरते. पाईपचा रंग वेगळा असेल आणि प्रत्येक तोटीवर ‘हे पाणी पिऊ नये’ असे लिहिलेले असेल. पाण्याची तपासणीही करून घेणार आहोत.

आता मागणे. उपसा उन्हाळ्यात, पाणी तळाला गेल्यावरच होतो, त्यामुळे मे संपायच्या आत गाळ निघाला पाहिजे. श्रमदानाला रविवारी सकाळी या. घमेली, फावडी, दोर असतील तर आणा. विहिरीत मात्र अनुभवी गडीच उतरतील, तेही आत हवा सोडून, कमरेला दोर बांधून. पोरांचा उत्साह आम्हाला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो: हौशींनी कठड्याच्या बाहेर थांबायचे. प्लंबर, वायरमन आणि गवंडी बांधवांनी एक-एक दिवस दिला तर मजुरीचा मोठा भार उतरेल. जुनी पण चालू मोटार, पाण्याची टाकी, उरलेले पाईप, विहिरीवर टाकायला लोखंडी जाळी, काहीही चालेल. तुमच्या वाड्यात बुजवलेला आड असेल तर तेवढी माहिती दिली तरी उपकार होतील.

पैसे कितीही द्या. अंदाजपत्रक तालमीच्या फलकावर लावले आहे, खर्चाचा हिशोबही दर महिन्याला तिथेच लागेल. जमेल त्याने घरी एवढे करावे: हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की नऊशे लिटरच्या आसपास पाणी येते. वाया जाणारे सोडले तरी त्यात एका घराचे तीन दिवसांचे फ्लश निघते. गच्चीचा पाईप पिंपात सोडायला वर्गणी लागत नाही.

वर्गणी रोज संध्याकाळी तालमीत स्वीकारली जाईल. समितीचा शिक्का असलेली पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नका, आमच्यापैकी कुणी आले तरी.

आपली,
पेठेतील पाणी समिती, कोल्हापूर