नायिकेचं पासबुक कुणाकडे असतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मराठी कादंबरीतल्या 'स्वतंत्र' नायिकांवरचा लेख वाचला. लेख मन लावून लिहिलाय, वाद नाही. पण पुरवणी मिटवल्यावरही एक प्रश्न काही जाईना. या सगळ्या बायका उंबरठा ओलांडून निघाल्या, तेव्हा त्यांच्या पर्समध्ये किती पैसे होते? लेखकाने ते कुठेच विचारलेलं नाही.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच निफाड तालुक्यातल्या एका शाखेत. त्यामुळे कथा वाचतानाही नजर आधी खात्यावर जाते, त्याला इलाज नाही. आमच्याकडे एका शिक्षिकेचं पगाराचं खातं होतं. खातं बाईंचं, पण काउंटरवर यायचे ते त्यांचे मिस्टर. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी चेक घेऊन हजर. रक्कम यांच्या अक्षरात, सही बाईंची. एकदा बाई स्वतः आल्या आणि शिल्लक विचारली. मी आकडा सांगितला. "एवढेच?" म्हणाल्या आणि लगेच सावरून, "हां, यांनी काढले असतील कशाला तरी. मी कोऱ्या चेकवर सह्या करूनच ठेवते ना." वर हसल्यासुद्धा. साठ पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी ही बाई. आपल्या समीक्षकांच्या हिशेबाने पक्की स्वावलंबी!

अशी बाई मला पुस्तकात फारशी भेटली नाही. भेटली ती १९३३ सालच्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहात. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव, त्यामागे मालतीबाई बेडेकर. तेव्हा ही लिहिणारी कोण म्हणून केवढा गहजब झाला होता! त्यांच्या कथांमधल्या मुली शिकतात, कमावतात आणि त्यांच्या पगारावर माहेरचं घर चालतं. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे तर एका कथेचं नावच आहे. इथे पुरुष बाईच्या जिवावर जगतोय आणि तरी बंधन तिलाच. नोकरी मिळाली की बाई सुटली, असं मानणाऱ्यांनी ते पुस्तक एकदा उघडावं.

त्याआधीची हरिभाऊ आपट्यांची यमू घ्या. 'पण लक्षात कोण घेतो!' ही तिची कादंबरी १८९०पासून 'करमणूक' साप्ताहिकात येऊ लागली. मुंबईत सुधारक नवऱ्यासोबत यमू वाचते, लिहिते, मोकळी होते. तो जातो आणि तिला केस काढून कोपऱ्यात बसवतात. ते प्रकरण मी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. नवरा चांगला होता यात शंका नाही. पण मोकळीक त्याने दिलेली होती, म्हणून त्याच्याबरोबरच गेली. माझ्या मते हरिभाऊंनी हे आपल्या आजच्या लेखकांपेक्षा जास्त स्वच्छ पाहिलं.

इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातल्या नोराचा दाखला लेखात आहेच. तिने १८७९ साली नवऱ्याचं घर सोडलं आणि जाताना दार आपटलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते सगळं नाटक एका कर्जाच्या कागदावर आणि त्यावर तिने केलेल्या वडिलांच्या खोट्या सहीवर उभं आहे, हे कुणी सांगत नाही. बँकवाल्याला तेच आधी दिसतं.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं सांगायचं तर १९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमिनी केल्या. सातबाऱ्यावर नाव चढल्यावर त्या घरात चुलीपाशी काय बदललं, काय तसंच राहिलं? यावर कादंबरी असेल तर कळवा, मी नाशिकहून येऊन घेऊन जाईन.

मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ला आला, देशभर २००५ला. वडील गेल्यावर भावाने दिंडोरीच्या बागेचं हक्कसोड पत्र पुढे केलं, तेव्हा मला ही दोन्ही सालं तोंडपाठ होती. मी सही केली. 'माहेर तुटायला नको' असं आईने म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही. येवल्याची पैठणी मिळाली. साडीचोळीवर बोळवण म्हणतात ती हीच. दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात माझा जन्म गेला!

लेखमाला पुढे चालणार असेल तर लेखकाने एक दिवस, ही हक्कसोड पत्रं जिथे नोंदवतात त्या दुय्यम निबंधक कार्यालयातल्या बाकावर बसून यावं, ही विनंती. राखीपौर्णिमेच्या आगेमागे गेल्यास उत्तम.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
इंदिरानगर, नाशिक