थंडी संपली म्हणून दुर्बीण आत ठेवू नकोस

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की मार्च लागला, पाहुणे पक्षी परत निघाले, म्हणजे तुमच्या पक्षीनिरीक्षण क्लबचा सीझन संपला असेल ना. तेव्हा मी गडबडीत होतो, नुसतं "नाही रे" म्हणून फोन ठेवला, पण ते डोक्यातून जाईना म्हणून आता सविस्तर लिहायला बसलोय. असं बऱ्याच जणांना वाटतं, आमच्या क्लबमध्येसुद्धा काही जण थंडी सरली की यायचे बंद होतात आणि मला दर वेळी त्यांना हाताला धरून आणावंसं वाटतं. थंडीत काय होतं, तळ्यावर जायचं, बदकं मोजायची, यादी पूर्ण करायची, घरी यायचं. वसंतात पक्ष्यांचा संसार दिसतो. कोण गातंय, कोण कुणाशी भांडतंय, कोण काडी चोचीत धरून कुठल्या झाडात शिरलं, हे सगळं ऐन भरात असतं, आणि नेमकं तेव्हाच लोक दुर्बीण कपाटात ठेवतात.

आणि जाणारे पक्षीसुद्धा जाण्याआधी कसे बदलतात ते बघण्यासारखं असतं. मार्चमधली आमची फेरी तळ्यावर असते, पहाटे उजाडायच्या आत पोचायचं. थंडीभर जो कुरव, म्हणजे सीगल, पांढऱ्या डोक्याचा आणि डोळ्यामागे एक मळका ठिपका घेऊन हिंडत असतो त्याचं डोकं आता गडद तपकिरी होत जातं, आणि मधले काही दिवस असे येतात की एकाच थव्यात काही अजून पांढरे, काही पूर्ण तपकिरी, काही अधलेमधले, एखाद्याच्या कपाळावर नुसता तपकिरी शिडकावा. पिवळा धोबी हा छोटा पक्षी आधी मातकट दिसतो तो बघता बघता पिवळाधमक होतो. पिसं झडून नवी येतात म्हणून हा रंगपालट. आणि खातात किती! दिवसभर नुसतं खाणं. तीच चरबी पुढच्या प्रवासाचं इंधन, लांब पल्ल्याचे काही छोटे पक्षी तर निघायच्या आधी वजन जवळपास दुप्पट करतात. पट्टकादंब नावाचे हंसासारखे मोठे पक्षी हिमालय ओलांडून पलीकडे जातात, त्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवून पाहिलं तर काही सात हजार मीटरपेक्षा वर उडताना सापडले. हे माहीत असलं ना की काठावर शांतपणे गवत खुडणाऱ्या त्या पक्ष्याकडे बघायची नजरच बदलते.

फेऱ्यांइतकीच मला आमची व्याख्यानं आवडतात. संध्याकाळी एका हॉलमध्ये जमतो, स्लाइड्स, मग प्रश्न, मग बाहेर उभं राहून आणखी तासभर गप्पा. यंदा स्थलांतरावर एक झालं, रात्री उडणाऱ्या पक्ष्यांना दिशा कशी कळते यावर. त्यात १९६० च्या दशकातला स्टीफन एम्लेन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला, तो ऐकून मी दोन दिवस त्याच विचारात होतो. त्यांनी काय केलं, कागदाचं एक नरसाळं करून त्याच्या तळाशी शाईचं पॅड ठेवलं आणि त्यात इंडिगो बंटिंग नावाचा छोटा निळा पक्षी ठेवला, वर फक्त आकाश दिसेल असं. स्थलांतराचे दिवस आले की पक्षी रात्री अस्वस्थ होतो, जायच्या दिशेला सारखा उड्या मारतो, आणि मारली उडी की कागदाच्या उतारावर पायाचा शाईचा ठसा. सकाळी कागद उलगडायचा, ठसे कुठल्या बाजूला दाट आहेत ते बघायचं. मग तारांगणात नेऊन आकाशच फिरवून पाहिलं, तर पक्षी त्या फिरवलेल्या आकाशाप्रमाणे उड्या मारायला लागले! पुढे हेही कळलं की पिल्लं लहानपणी रात्रीचं आकाश बघून शिकतात, अख्खं आकाश ज्या बिंदूभोवती फिरतं तो त्यांच्या लक्षात राहतो. बाकी सूर्य आहे, पृथ्वीचं चुंबकत्व आहे, पक्षी एकाच खुणेवर विसंबत नाहीत. पण शाईचे ते ठसे मला जास्त भिडले, कारण त्यात पक्ष्याची जायची ओढ कागदावर उमटलेली दिसते.

आता इथेच राहणाऱ्यांचं सांगतो, कारण माझा जीव खरा त्यांच्यात अडकलाय. जांभळा शिंजीर घे, फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी. थंडीत नर फिकट पिवळसर, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी, आणि आता अंगभर काळाजांभळा, ऊन पडलं की चकाकणारा. फांदीच्या शेंड्यावर बसून मोठ्यांदा गात असतो आणि घरटं मात्र मादी बांधते, कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, काय काय वापरून लटकती पिशवी करते, दाराच्या वर छोटीशी पडवी सुद्धा काढते. अंडी उबवायचं कामही तिचंच. तांबटाचं टुक् टुक् तू ऐकलं असशीलच, पण गाताना बघ एकदा, चोच बंद असते आणि गळा फुगत असतो, आणि डोकं एकदा इकडे एकदा तिकडे वळवतो म्हणून आवाज नेमका कुठून येतोय ते कळतच नाही. तसंच कोकिळेचं. कुहू कुहू करणारा काळा, लाल डोळ्याचा तो नर, मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचं ओरडणं म्हणजे नुसतं किक्-किक्-किक्. कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते हे शाळेपासून माहीत असतं आपल्याला, पण कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांना सहसा बाहेर ढकलत नाही, त्यांच्याबरोबरच वाढतं, हे मला क्लबमध्ये येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

टिटवीचं मात्र नीट सांगतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमची एक फेरी माळावर होती, खडकाळ जागा, बारीक खडी, मधूनमधून सुकलेलं गवत. चालताना टिटव्यांची एक जोडी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली आणि आमच्या पुढे असलेल्या काकांनी हात वर करून सगळ्यांना जागीच थांबवलं. म्हणाले, पाय हलवू नका, आधी पायाशी बघा. बघितलं तर आमच्यापैकी एकीच्या बुटापासून चार-पाच पावलांवर चार अंडी. घरटं म्हणावं असं काहीच नाही, जमिनीत जेमतेम खळगा, भोवती खडे, आणि अंड्यांची निमुळती टोकं आत वळवलेली, एकमेकांना चिकटून. मातकट रंग, त्यावर काळे डाग, बाजूचे खडेही तसेच. मी थेट त्यांच्याकडे बघत होतो आणि क्षणभर नजर हलली की परत शोधावी लागत होती. कुणी फोन काढला नाही. आल्या पावली मागे फिरलो आणि लांबवर एका झाडाच्या सावलीत बसलो.

मग जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. टिटवी सरळ अंड्यांकडे आली नाही. आधी लांब उतरली, चार पावलं पळाली, थांबली, उगाच जमिनीत चोच मारली जसं काही खाद्य शोधतेय, परत दुसऱ्या दिशेला पळाली, आणि असं करत करत वळसा घेऊन शेवटी अंड्यांवर येऊन उभी राहिली. दुर्बिणीतून दिसलं, पोटाची पिसं ओली होती. कडक उन्हात टिटव्या पाण्यात जाऊन पोट भिजवून येतात, त्याने अंडी थंड राहतात, आणि भर दुपारी अंड्यांवर नुसत्या उभ्या राहून आपली सावली धरतात. टिटवी देखील समुद्र आटवी म्हणतात, ते त्या दिवशी मला अगदी पटलं.

म्हणूनच या दिवसांत आमचे नियम कडक असतात आणि मला ते मनापासून पटतात. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, कारण त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला आणि तो गाणं, खाणं, पिल्लं सगळं सोडून त्याला हुसकवायला धावतो. घरट्याजवळ जायचं नाही, फांदी बाजूला करून फोटो काढायचा नाही, आपण उभे राहिलो की कावळ्यांना जागा कळते. घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही. फोटोवाल्या काही जणांशी यावरून आमची खडाजंगी होते, आणि होऊ दे, मी त्यात मागे सरणार नाही.

तू म्हणतोस की मला नावं येत नाहीत, मी येऊन काय करू. अरे नावं येतात आपोआप. पहिल्या फेरीला एकच पक्षी धर आणि दहा मिनिटं त्याच्यावरच नजर ठेव, नाव नंतर विचार. आमच्यातल्या एक मावशी डोळे मिटून नुसते आवाज ऐकतात आणि आमच्या आधी त्यांना पक्षी कळतो. पहाटेच निघायचं कारणही तेच, हवा थंड आणि स्थिर असते, आवाज लांबवर जातो आणि सगळे एकदम गात असतात. मर्लिन ॲप फोनमध्ये घेऊन ठेव, आवाजावरून ओळखायला मदत करतं, पण त्याने सांगितलं तरी पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय यादीत लिहायचं नाही असा माझा हट्ट आहे. यादी आम्ही ईबर्ड या संकेतस्थळावर टाकतो. २००२ मध्ये ते अमेरिकेत सुरू झालं आणि २०१० पासून जगभरातले लोक तिथे नोंदी करतायत, त्यामुळे कुठला पक्षी कधी येतो, कधी जातो, कुठे कमी झाला हे त्यातून कळतं, आणि आपली साध्या कावळ्या-चिमण्यांची नोंदही त्यात कामाला येते.

दुर्बीण घ्यायची घाई करू नकोस. घेशील तेव्हा आठ बाय बेचाळीसची घे, म्हणजे आठ पट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ४२ मिलीमीटर व्यासाची. दहा पटवाली हातात जास्त हलते, नवशिक्याला पक्षी सापडतच नाही. तोवर माझी जुनी आहे ती वापर. कपडे मातकट किंवा हिरवट, पांढरे नकोत.

पुढच्या रविवारी परत माळावर जातोय, या वेळी चंडोल बघायला, ते गात गात वर चढतात तेव्हा मान दुखेस्तोवर बघत राहावं लागतं. तू येणार असशील तर शनिवारी रात्रीच मुक्कामाला ये, कारण साडेपाचला निघायचंय आणि तुझं पहाटेचं उठणं मला माहीत आहे. टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन ये, बाकी सगळं माझ्याकडे आहे. येतोयस की नाही ते गुरुवारपर्यंत कळव, काकांना नावं द्यायची आहेत.

तुझाच,
जुना दोस्त